सप्लायर काय सांगत नाही

जावाची आठवी आवृत्ती मार्च २०१४ मध्ये आली आणि तिच्यासोबत त्या भाषेत लॅम्डा आले. लॅम्डांना टाइप मिळावा म्हणून जावा.युटिल.फंक्शन या पॅकेजात ४३ इंटरफेस ठेवले गेले. त्यांतला सर्वांत साधा सप्लायर. त्यात गेट नावाची एकच मेथड आहे. तिला काहीही द्यावे लागत नाही. बोलावली की ठरलेल्या टाइपचा एक ऑब्जेक्ट ती परत करते. जोशुआ ब्लॉक यांनी ‘इफेक्टिव्ह जावा’च्या तिसऱ्या आवृत्तीत या ४३ पैकी सहा पायाभूत इंटरफेस लक्षात ठेवले तर बाकीचे त्यांवरून काढता येतात असे म्हटले आहे, आणि त्या सहांत सप्लायर आहे. एवढ्या छोट्या गोष्टीवर विचार करण्यासारखे काय आहे, असे वाटणे साहजिक आहे. बहुतेक पुस्तकांत त्याला एक परिच्छेद मिळतो आणि लेखक पुढे सरकतो. मला मात्र वाटते की ऑब्जेक्ट-ओरिएंटेड प्रोग्रामिंगमधला एक मूलभूत प्रश्न या इंटरफेसात दडलेला आहे. सप्लायर हा देणारा आणि घेणारा यांच्यातला करार आहे, आणि तो समजून घ्यायचा तर त्यात काय लिहिले आहे यापेक्षा काय लिहिलेले नाही हे पाहावे लागते. मिळणारा ऑब्जेक्ट दर वेळी नवा असेल की तोच, तो मिळवायला किती खर्च येईल, आणि तो मिळाला नाही तर काय होईल, या तिन्ही बाबतींत हा करार गप्प आहे. हे मौन जिथे बिनधोक आहे तिथे सप्लायरसारखे अवजार नाही. पण जिथे प्रोग्रामचे बरोबर चालणेच या उत्तरांवर टिकून आहे, तिथे सप्लायर न वापरता अर्थपूर्ण नावाचा स्वतंत्र इंटरफेस लिहिला पाहिजे, असे माझे म्हणणे आहे.

आधी गरज कशातून निर्माण झाली ते पाहू. एखाद्या क्लासच्या आत न्यू लिहून आपण ऑब्जेक्ट तयार करतो तेव्हा एका ओळीत तीन निर्णय पक्के होतात: ऑब्जेक्ट कोणत्या क्लासचा, तो कधी जन्माला येणार, आणि किती वेळा. हे तिन्ही निर्णय वापरणाऱ्यानेच घ्यावेत असे काही नाही. छपाईचे काम करणाऱ्या क्लासला प्रिंटरशी जोडणी हवी असते. ती कुणी, केव्हा उघडली याच्याशी त्याला कर्तव्य नसते. गॅमा, हेल्म, जॉन्सन आणि व्लिसिडेस या चौघांचे ‘डिझाइन पॅटर्न्स’ हे पुस्तक १९९४ मध्ये आले. त्यातले पाच पॅटर्न केवळ ऑब्जेक्टच्या निर्मितीबद्दल आहेत, आणि फॅक्टरी मेथड व ॲब्स्ट्रॅक्ट फॅक्टरी यांचा सगळा खटाटोप न्यूमधले हे निर्णय सोडवून वेगळे करण्यासाठी आहे. पण त्या काळी रूढ असलेल्या बऱ्याच भाषांत ‘निर्माण करण्याची कृती’ ही स्वतंत्र वस्तू म्हणून एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात सहजासहजी देता येत नव्हती. ती द्यायची तर एक क्लास लिहावा लागे, त्याचा वारसा दुसऱ्या क्लासला द्यावा लागे. पीटर नॉर्विग यांनी १९९६ मध्ये दाखवून दिले की त्या पुस्तकातल्या २३ पैकी १६ पॅटर्न लिस्प किंवा डिलन यांसारख्या भाषांत एक तर दिसेनासे होतात किंवा फार सोपे होतात, आणि त्याचे एक कारण म्हणजे तिथे फंक्शन हे मूल्य म्हणून फिरवता येते. जावाला तिथे पोहोचायला आणखी अठरा वर्षे लागली. आता ट्रीसेट क्लासचे नाव, दोन अपूर्णविराम आणि न्यू एवढे लिहिले की फॅक्टरी तयार होते. कुठला क्लास हे देणारा ठरवतो, कधी आणि किती वेळा हे घेणारा ठरवतो. अधिकारांची ही वाटणी सप्लायरची खरी कमाई आहे, आणि तिच्याबद्दल माझा काहीच वाद नाही.

वाद सुरू होतो तो ‘किती वेळा’ या प्रश्नाच्या दुसऱ्या बाजूपासून. घेणाऱ्याने गेट दहा वेळा बोलावले तर त्याला दहा ऑब्जेक्ट मिळतात की एकच ऑब्जेक्ट दहा वेळा? हा प्रश्न जावाहून पुष्कळ जुना आहे. अल्गोल ६० या भाषेत पॅरामीटर ‘नावाने’ पाठवता येई. म्हणजे मूल्य आधी काढून न पाठवता ते काढण्याची रीतच पाठवली जाई, आणि फंक्शनच्या आत ते नाव जितक्या वेळा येईल तितक्या वेळा ती रीत नव्याने चालवली जाई. हे यंत्रात कसे उतरवायचे याचे उत्तर पीटर इंगरमन यांनी १९६१ मध्ये थंक या नावाने दिले: पॅरामीटर न घेणारा, बोलावला की मूल्य देणारा सूचनांचा छोटा तुकडा. सप्लायर याच थंकचा वंशज आहे. दर वेळी रीत पुन्हा चालवली जात असल्यामुळे मधल्या काळात एखादे चल बदलले तर तेच नाव वेगळे मूल्य देई. जेन्सनची युक्ती म्हणून प्रसिद्ध असलेल्या तंत्रात याच गुणाचा हुशारीने वापर होता. तसे नको असलेल्याला मात्र तो दोष फार महाग पडे. पुढे १९७१ मध्ये क्रिस्टोफर वॉड्सवर्थ यांनी दुसरी वाट मांडली: पहिल्यांदा लागेल तेव्हा मूल्य काढायचे आणि त्यानंतर तेच वापरायचे. या दोन रीतींना संगणकशास्त्रात वेगवेगळी नावे आहेत, त्यांचे नियम वेगळे आहेत, त्यांवर वेगळा अभ्यास झाला आहे. सप्लायरमध्ये मात्र दोन्ही एकाच टाइपात बसतात. त्याच्या अधिकृत दस्तऐवजात स्पष्ट म्हटले आहे की दर वेळी नवा किंवा वेगळा ऑब्जेक्ट दिलाच पाहिजे असे बंधन नाही. म्हणजे हे मौन नजरचुकीने राहिलेले नाही, ते ठरवून ठेवलेले आहे.

ठरवून ठेवण्यात शहाणपण आहे, हे आधी कबूल केले पाहिजे. ऑप्शनल हा क्लास म्हणजे मूल्य असलेला किंवा रिकामा डबा; त्याच्या दोन मेथडी शेजारी ठेवून पाहा. ऑर-एल्स हिला पर्यायी मूल्य तयार स्थितीत द्यावे लागते. ते लागो वा न लागो, मेथड बोलावण्याआधीच ते काढले जाते. पर्यायी मूल्य म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न असेल, तर डब्यात मूल्य असतानाही तो प्रश्न विचारला जातो आणि उत्तर फेकून दिले जाते. ऑर-एल्स-गेट हिला सप्लायर द्यायचा असतो. डबा रिकामा असेल तरच तो चालतो. लॉगरमध्येही आठव्या आवृत्तीपासून संदेशाच्या जागी सप्लायर देता येतो, म्हणजे ती पातळी बंद असेल तेव्हा लांबलचक मजकूर जोडत बसण्याचे श्रम वाचतात. ऑब्जेक्ट्स क्लासमधल्या रिक्वायर-नॉन-नल या मेथडीचेही तेच. या तिन्ही ठिकाणी एका हाकेत गेट फार तर एकदा बोलावले जाते, मिळालेले मूल्य लगेच वापरून संपते, आणि सप्लायर त्या मेथडीच्या बाहेर कुठे जाऊन राहत नाही. अशा वेळी नवा की जुना हा प्रश्नच उठत नाही. करार गप्प आहे कारण बोलण्यासारखे काही नाही. स्ट्रीमच्या जनरेट मेथडीत तर दोन्ही उत्तरे चालतात: तीच ती संख्या देणारा सप्लायरही चालतो आणि दर वेळी वेगळी यादृच्छिक संख्या देणाराही.

आता त्याच लायब्ररीतली, त्याच टाइपची दुसरी ठिकाणे पाहा. स्ट्रीमच्या कलेक्ट मेथडीचे एक रूप तीन फंक्शने घेते. पहिले रिकामे भांडे देते, दुसरे त्यात एकेक घटक टाकते, तिसरे दोन भांडी एकत्र करते. पहिल्याचा टाइप सप्लायर. तिथला दस्तऐवज सांगतो की समांतर पद्धतीने काम चालले तर हे फंक्शन अनेकदा बोलावले जाऊ शकते आणि दर वेळी त्याने नवेच मूल्य दिले पाहिजे. म्हणजे सप्लायरचा स्वतःचा दस्तऐवज ‘नवे देण्याचे बंधन नाही’ म्हणतो आणि कलेक्टचा दस्तऐवज ‘नवेच द्या’ म्हणतो. दोन्ही ठिकाणी टाइप अक्षरशः एकच आहे. कुणी नवी यादी देणाऱ्या लॅम्डाऐवजी बाहेर आधीच केलेली यादी परत करणारा लॅम्डा दिला, तर कंपायलर काही बोलत नाही. स्ट्रीम एका थ्रेडवर चालत असेल तर उत्तरही बरोबर येते, आणि चाचण्या पास होतात. पुढे कधीतरी कुणी तो स्ट्रीम समांतर करतो. मग अनेक थ्रेड एकाच ॲरेलिस्टमध्ये एकाच वेळी लिहू लागतात. काही घटक हरवतात, काही वेळा अपवाद फेकला जातो, आणि तिसरे फंक्शन ‘दुसरी’ यादी पहिलीला जोडायला जाते तेव्हा ती यादी स्वतःलाच जोडली जाऊन घटक दुप्पट होतात. चूक लिहिली गेली ती जागा आणि चूक उघडी पडली तो बदल यांत महिन्यांचे अंतर असू शकते. समांतर करणाऱ्याने काहीही चुकीचे लिहिलेले नसते.

थ्रेडलोकलच्या विथ-इनिशियल मेथडीत हीच गोष्ट आणखी धोक्याची होते. थ्रेडलोकलचे प्रयोजनच असे की प्रत्येक थ्रेडला आपली स्वतंत्र प्रत मिळावी. सिंपलडेटफॉरमॅट हा क्लास अनेक थ्रेडांनी एकत्र वापरण्याजोगा नाही, म्हणून कित्येक जुन्या प्रणालींत तो थ्रेडलोकलमध्ये ठेवलेला दिसतो. विथ-इनिशियलला दिलेला सप्लायर प्रत्येक थ्रेडसाठी नवा फॉरमॅटर देत असेल तर सगळे ठीक. तो एकच सामायिक फॉरमॅटर परत देत असेल, तर कोड वाचणाऱ्याला संरक्षण दिसते आणि प्रत्यक्षात काहीच संरक्षण नसते. तारखा चुकीच्या येऊ लागतात, त्याही फक्त गर्दीच्या वेळी. गुआवा या गूगलच्या लायब्ररीत मेमोइझ नावाची मेथड आहे. ती एक सप्लायर घेते आणि पहिले उत्तर जपून ठेवणारा दुसरा सप्लायर देते. ठराविक काळ उत्तर जपून मग नवे काढणारी तिची बहीणही तिथे आहे. नेहमी नवा, कायम तोच, काही काळ तोच, या तीन अगदी निरनिराळ्या वागणुकी झाल्या, आणि तिन्हींचा टाइप सप्लायर. मेमोइझ केलेला सप्लायर चुकून विथ-इनिशियलला दिला गेला तर अडवणारे कुणी नाही.

अपयशाबद्दलचे मौन त्यामानाने लवकर लक्षात येते, म्हणून त्यावर थोडक्यात. गेट मेथडीने कोणताही तपासला जाणारा अपवाद जाहीर केलेला नाही. फाइल उघडणे, नेटवर्कवरून काही आणणे अशी कामे मात्र आयओएक्सेप्शन फेकतात. ती सप्लायरमध्ये बसवायची तर अपवाद पकडून, अनचेक्ड-आयओएक्सेप्शनमध्ये गुंडाळून पुन्हा फेकावा लागतो. पाचव्या आवृत्तीपासून असलेल्या कॉलेबलची मेथडही काही न घेता मूल्य देते, पण ती एक्सेप्शन जाहीर करते. म्हणजे जावाकडे ‘हे फसू शकते’ असे टाइपातच सांगणारा पुरवठादार २००४ पासून आहे. तरी लॅम्डा सुटसुटीत दिसतो म्हणून फसू शकणारी कामे सप्लायरमध्ये कोंबली जातात, आणि फसण्याची शक्यता घेणाऱ्याच्या नजरेआड जाते.

या प्रश्नांना तोंड दिलेल्यांनी काय केले, हा माझ्या मते सर्वांत मोठा पुरावा आहे. जेएसआर ३३० या २००९ च्या मानकात प्रोव्हायडर नावाचा इंटरफेस आला. त्यातही गेट ही एकच मेथड, पण तो डिपेंडन्सी इंजेक्शनच्या चौकटीतला आहे आणि कंटेनरने ठरवलेल्या स्कोपनुसार ऑब्जेक्ट मिळेल असा त्याचा अर्थ आहे. डॅगर या चौकटीच्या रचनाकारांना तेवढे पुरले नाही. त्यांनी प्रोव्हायडरशेजारी लेझी नावाचा वेगळा इंटरफेस ठेवला: पहिल्या हाकेला मूल्य काढणारा आणि नंतर तेच देणारा. आकार तोच, मेथडीचे नाव तेच, तरी दोन टाइप, कारण वापरणाऱ्याला कोणता हवा हे त्याने लिहून सांगावे अशी त्यांची अपेक्षा होती. खुद्द जावाच्या लायब्ररीत नवव्या आवृत्तीत सर्व्हिसलोडरला स्वतःचा प्रोव्हायडर मिळाला. तो सप्लायरचा वारस आहे, पण त्याने टाइप नावाची एक मेथड जास्त घेतली. तिच्यामुळे ऑब्जेक्ट तयार न करताच तो कोणत्या क्लासचा असेल ते विचारता येते. निर्मितीचा खर्च करायचा की नाही हे आधी ठरवता यावे, हा त्यामागचा विचार. सतराव्या आवृत्तीत, २०२१ मध्ये, इन्स्टंटसोर्स आला. त्यात स्वतः लिहावी लागणारी मेथड एकच, आणि ती फक्त वर्तमान क्षण देते. इन्स्टंटचा सप्लायर वापरून हेच काम भागले असते. तरी वेगळे नाव दिले गेले, कारण ‘क्षण देणारा कोणी तरी’ आणि ‘या प्रणालीचे घड्याळ’ या दोन कल्पना एक नाहीत. चाचणीत ते घड्याळ थांबवायचे असेल तर ते कोणते हे टाइपावरून सापडले पाहिजे.

यावर पहिला आक्षेप येतो तो रास्त आहे. प्रत्येक पुरवठ्याला वेगळे नाव द्यायचे ठरवले तर ज्या जंगलातून लॅम्डाने आपल्याला बाहेर काढले त्याच जंगलात परत जाणे होईल. जावाच्या जुन्या प्रकल्पांत फॅक्टरी, फॅक्टरीची फॅक्टरी आणि त्यांवरचे बीन अशा नावांची रांग लागलेली असे, आणि खरे काम कुठे होते ते शोधता शोधता वाचणारा दमून जाई. ती अवस्था पुन्हा यावी असे मलाही वाटत नाही. पण त्या नावांचा दोष संख्येत नव्हता. ती नावे रचनेबद्दल बोलत, वागणुकीबद्दल नाही. फॅक्टरी म्हटल्याने नवा की जुना हे कळतच नव्हते. लेझी किंवा इन्स्टंटसोर्स ही नावे वागणूक आणि अर्थ सांगतात. शिवाय आज असा इंटरफेस लिहायला तीन-चार ओळी पुरतात, त्याला लॅम्डा तसाच देता येतो, आणि तो सप्लायरचा वारस केला तर सप्लायर मागणाऱ्या प्रत्येक ठिकाणीही चालतो. सर्व्हिसलोडरने नेमके हेच केले. जुना खर्च उरलेला नाही, म्हणून जुना आक्षेपही पूर्वीच्या ताकदीने उभा राहत नाही.

दुसरा आक्षेप फंक्शनल प्रोग्रामिंगच्या बाजूने येतो आणि तो मला सर्वांत वजनदार वाटतो. ऑब्जेक्ट अपरिवर्तनीय असतील तर नवा की तोच हा प्रश्नच निरर्थक आहे, असे हे लोक म्हणतात. समान मूल्याच्या दोन स्ट्रिंगांपैकी कोणती मिळाली याने कुणाचे काय बिघडते? तेव्हा दोष सप्लायरच्या मौनाचा नाही, बदलत्या अवस्थेचा आहे. ती काढून टाका. हे तत्त्वतः खरे आहे, आणि आपल्या हातातली मूल्ये शक्य तितकी अपरिवर्तनीय करावीत हा सल्ला कुणीही मानावा. पण ज्या वस्तूंचा पुरवठा मुद्दाम वेगळा काढावासा वाटतो त्या कोणत्या, ते पाहा. डेटाबेसची जोडणी, घटक भरायचे भांडे, यादृच्छिक संख्यांचा जनक, घड्याळ, उघडी फाइल. अपरिवर्तनीय मूल्य सहसा सरळच दिले जाते. त्याला सप्लायरची गरज पडते ती केवळ ते उशिरा काढायचे असेल तेव्हा, आणि तो बिनधोक वापर मी आधीच मान्य केला आहे. पुरवठ्याचा प्रश्न मुळात अवस्था असलेल्या वस्तूंचा आहे, म्हणून अवस्था नाकारून तो सुटत नाही. आणि ऑब्जेक्ट कितीही अपरिवर्तनीय असला तरी तो मिळवण्याचा खर्च आणि न मिळण्याची शक्यता तशीच राहते.

तिसरा आक्षेप असा की हे सगळे दस्तऐवजात लिहावे, टाइपात कशाला. कलेक्टच्या लेखकांनी तसेच केले आहे, आणि त्यांच्यापुरते ते योग्यही होते: तिथे भांडे देणारा लॅम्डा बहुधा हाकेच्या ठिकाणीच लिहिला जातो, वाचणाऱ्याला दोन्ही गोष्टी एकाच ओळीत दिसतात. पण दस्तऐवज मेथडीला चिकटलेला असतो, मूल्याला नाही. सप्लायर एका क्लासच्या फील्डमध्ये साठवला, तिथून दुसऱ्या क्लासच्या कन्स्ट्रक्टरला दिला, तिथून एखाद्या मॅपमध्ये गेला, की तो मुळात काय वचन देऊन निघाला होता याची नोंद कुठेच उरत नाही. टाइप मात्र मूल्याबरोबर शेवटपर्यंत जातो. चाचण्यांवर विसंबावे, हेही पुरेसे नाही. कलेक्टच्या उदाहरणात चाचण्या पास होत होत्या.

म्हणून रेघ कुठे ओढायची याचे माझे उत्तर सप्लायरच्या मुक्कामाकडे पाहते. मेथडीचा पॅरामीटर म्हणून आला, एकदा वापरला आणि संपला, तर सप्लायर पुरे. तिथे नाव वाढवणे म्हणजे वाचणाऱ्याला उगाच थांबवणे. फील्डमध्ये राहायला आला, किंवा एका मोड्यूलच्या सार्वजनिक सीमेवरून दुसऱ्यात गेला, तर त्याची वागणूक टाइपाने सांगितली पाहिजे. मधल्या जागा आहेत. विथ-इनिशियल त्यांतलीच, कारण तिथे पॅरामीटर म्हणून आलेला सप्लायर पुढे आत साठवला जातो आणि प्रत्येक नव्या थ्रेडला पुन्हा बोलावला जातो. अशा ठिकाणी मी नावाच्या बाजूने झुकेन, कारण चुकीची किंमत तिथे सर्वांत जास्त आहे.

जावाच्या रचनाकारांच्या अलीकडच्या कामात ही रेघ डोळ्यांदेखत ओढली गेली. पंचविसाव्या आवृत्तीत, सप्टेंबर २०२५ मध्ये, एकदाच मूल्य भरायची आणि नंतर स्थिर मानायची अशी स्टेबल व्हॅल्यू ही सोय प्रिव्ह्यू स्वरूपात आली. तिच्या प्रस्तावात, जेईपी ५०२ मध्ये, दाखवलेले एक फील्ड होते लॉगरचा सप्लायर: आतून तो पहिल्या हाकेला लॉगर तयार करतो आणि मग तोच देत राहतो, पण फील्डच्या टाइपावरून हे कळत नाही. पुढच्या फेरीच्या प्रस्तावात, जेईपी ५२६ मध्ये, खालच्या पातळीवरच्या मेथडी काढून टाकल्या गेल्या आणि सोयीला नवे नाव मिळाले, लेझी कॉन्स्टंट. सप्लायर हा तिथेही आहे, तिला मूल्य काढण्याची रीत देणारा पॅरामीटर म्हणून. उदाहरणातल्या फील्डचा टाइप मात्र आता लॉगरचा सप्लायर असा राहिलेला नाही. तो लॉगरचा लेझी कॉन्स्टंट असा लिहिला आहे.